दीड इंची स्क्रू

“हे नकोत, बाबा. लांब लावा.”

लेकीने त्याच्या तळहातावरचे अर्ध्या इंचाचे स्क्रू उचलून डब्यात टाकले आणि तळाशी हात घालून दीड इंची शोधून काढले. वर्षानुवर्षं कोणी न वापरल्याने त्यांना गंज धरला होता. मिस्त्रीने ते घेतले खरे, पण विंचू धरावा तसे दोन बोटांत.

बाजारात त्याला ‘ढिला मिस्त्री’ म्हणत. कपाट सांगा, खाट सांगा, लाकडाच्या कामात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. कडी मात्र त्याच्याकडून कोणी बसवून घेत नसे. त्याने बसवलेली कडी शेळीने अंग घासलं तरी चौकटीतून निघून यायची. “मिस्त्री, कडी ठोकलीत की थुंकीने चिकटवलीत?” असं लोक विचारत. तोही त्यांच्याबरोबर हसायचा.

चौदा वर्षांपूर्वी कोणी असं विचारलं नसतं. कारखान्यातल्या पॉलिशच्या खोलीचं दार त्यानेच केलं होतं आणि कडीही त्यानेच बसवली होती, दीड इंची स्क्रू पिळून. दुपारी जेवण झालं की मालकाला दिसू नये म्हणून कामगार आतून कडी लावून डुलकी काढत. एका दुपारी पॉलिशने पेट घेतला, आत धूर कोंडला आणि अंधारात कोणाला कडी सापडेना. बाहेरून तो खांद्याने धडका देत राहिला. आत अडकलेला त्याचा धाकटा भाऊ “दादा, दादा” करत राहिला, आणि मग करेनासा झाला. दार तुटलं नाही. कामच तसं पक्कं होतं.

तेव्हापासून घरात एकाही दाराला कडी नव्हती. बाहेरच्या दाराला आतून खुर्ची लावायची. न्हाणीघराच्या दारावर टॉवेल दिसला की आत कोणी आहे असं समजायचं. पाहुण्यांची तारांबळ उडायची आणि बायको काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची. लेक या घरात लहानाची मोठी झाली, नर्सिंगला नंबर लागून वसतिगृहात गेली, आणि तिथे रोज दार लागू नये म्हणून फटीत चप्पल ठेवून झोपू लागली. खोलीतल्या इतर तिघींनी तक्रार केली. वॉर्डनबाईंनी आठ दिवसांची मुदत दिली: ही खोड मोडून सोमवारी आलीस तर ठीक, नाहीतर तुझी जागा दुसरीला. आज शनिवार होता.

“लावा हो एकदाची,” बायको म्हणाली. ती लेकीची बॅग भरत होती. “पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.”

मिस्त्रीने लेकीच्या खोलीच्या दाराला आतून भोकं पाडली. पहिला स्क्रू लाकडात शिरला तसा त्याच्या मनगटाला जुना जोर आठवला. चार कडीचे, चार कोयंड्याचे. शेवटचा पिळून झाला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. लेकीने कडी दोनदा सरकवून पाहिली.

“दहा मिनिटं,” ती म्हणाली. “काही झालं तरी हाक मारायची नाही.”

“नाही मारत.”

ती आत गेली. दार लागलं. आतून खट् असा आवाज आला. मिस्त्री भिंतीला टेकून उभा राहिला. बायकोने येऊन त्याचा दंड धरला. भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं झाली, तीन झाली. आत पावलांचा आवाज नाही, खाट वाजल्याचा नाही, काहीच नाही.

“बरी आहेस ना?” तो दाराला तोंड लावून म्हणाला.

“अहो, कबूल केलंय ना तुम्ही,” बायको कुजबुजली.

“बाळा, नुसतं हूं म्हण.”

आतून हूं आलं नाही. मग बायकोच्या हातात दंड राहिला नाही. तो दोन पावलं मागे गेला आणि खांदा पुढे करून दारावर आदळला.

दार सताड उघडलं. तो तोंडावर पडला आणि खाटेच्या पायापाशी जाऊन थांबला. पडल्या पडल्या त्याने आधी वर कडीकडे पाहिलं. ती उखडली असणार, आपल्या हाताला आता लांब स्क्रूही जमत नाहीत, असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. पण कडी जागच्या जागी होती. आठही स्क्रू पत्र्याशी सपाट बसलेले होते. कडी मागे सरकवलेली होती.

लेक भिंतीला पाठ लावून उभी होती.

“लावली होती,” ती म्हणाली. “लगेच काढली. पुन्हा हात वर जाईना, बाबा.”

“मग ओ का नाही दिलीस?”

“तुम्हाला वाटावं म्हणून. जमलं मला, असं.”

बाहेरच्या खोलीत बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. बायको कपडे एकेक करून परत कपाटात ठेवत होती. तिला कोणी थांबवलं नाही.

“काढून टाका ती,” लेक म्हणाली.

मिस्त्री उठला. त्याने स्क्रू ड्रायव्हर पहिल्या स्क्रूला लावला आणि फिरवला. दुखरा खांदा दाबून दोन्ही हातांनी जोर केला. स्क्रू जागचा हलला नाही. खूप वर्षांनी त्याच्या हातून पक्कं काम झालं होतं.