लिंपलेली ढोली

‘कुणीतरी ताबडतोब या,’ उल्काकाकूंनी एका बोटाने लिहिलं. ‘शेजारचा श्रीपती बेहडा तोडतोय. ढोलीत धनेशाची मादी आहे. आमच्या आगरामागे, खालच्या पाखाडीला, गडग्याला लागूनच.’

पक्षी बघणाऱ्यांच्या त्या ग्रुपवर सकाळपासून रविवारच्या अंजनवेलच्या फेरीचं चाललं होतं. घावणे न्यायचे की आंबोळ्या, यावरून सलिल आणि मनस्विनीची जुंपली होती. काकूंचा मेसेज त्यांच्या मध्येच पडला.

‘वॉव काकू, धनेश!’ मनस्विनीने लिहिलं. ‘फोटो टाका ना.’

‘मी घावण्यांवर ठाम आहे,’ सलिलने लिहिलं.

मग काकूंचा मेसेजच नाहीसा झाला. अ‍ॅडमिनने तो काढून टाकल्याची ओळ तेवढी राहिली. खाली अ‍ॅडमिन शार्दूलने लिहिलं होतं, ‘काकू, प्लीज. घरट्याची जागा ग्रुपवर सांगायची नाही. नियम आहे.’ पुढे जोडलेले हात.

नियम काकूंनीच करायला लावला होता. गेल्या वर्षी घुबडाच्या पिल्लांभोवती कॅमेरेवाल्यांनी जत्रा भरवली, तेव्हा त्या शार्दूलला नाही नाही ते बोलल्या होत्या. त्यांनी त्याला फोन लावला.

“काकू, गाडी चालवतोय. काही असेल तर ग्रुपवर टाका ना.”

“टाकलेलं तूच काढलंस रे!”

“मग जागा न सांगता टाका.”

“जागा न सांगता लोक येणार कुठे, माझ्या डोक्यावर?”

“हॅलो? काकू, रेंज जातेय...”

काकूंनी चपला पायात सरकवल्या आणि त्या पाखाडीच्या पायऱ्या उतरल्या.

बेहड्याखाली श्रीपती उभा होता. झाडं तोडायला बोलावलेला रामा लाकूड कापायच्या कटरमध्ये तेल भरत होता. बुंध्याभोवतीचा पालापाचोळा कालच जाळून जागा साफ केलेली. काकूंनी वाकून राख चाळवली. एरवी ढोलीखाली बियांचा सडा असायचा. एक बी उरली नव्हती.

“काय ओ काकू, काय हरवलं?”

“श्रीपती, आज हे झाड तोडू नकोस. वर धनेश बसलीय.”

श्रीपतीने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. “कुठे?”

“आत. ढोलीत. ती आतून दार लिंपून घेते. पिल्लं मोठी होईपर्यंत बाहेर येत नाही. पिसं झडलेली असतात, उडताही येत नाही तिला. नर बाहेरून भरवतो.”

“मला तर ढोलीच दिसत नाय.”

“लिंपलीय म्हणून दिसत नाही! बोटभर फट असते नुसती. त्यातूनच खाते, त्यातूनच बाहेर शिटते.”

“मग नर कुठाय?”

“येईल. तुम्ही जरा लांब व्हा, म्हणजे येईल.”

श्रीपती हसला. “म्हणजे आम्ही हाव तोवर येणार नाय, आणि आम्ही गेलो की येणार. बरं पाखरू सापडलं तुम्हाला.” मग त्याचा आवाज उतरला. “काकू, गेल्या पावसात याची फांदी गोठ्यावर आली. म्हैस थोडक्यात वाचली. यंदा घरावर आली तर तुमचं पाखरू येणार काय कौलं शाकारायला?”

“मे महिना सरू दे,” त्या म्हणाल्या. “मग मी स्वतः उभी राहून तोडून घेईन.”

“मेअखेरीला, पावसाच्या तोंडावर रामा मिळतो होय? सगळे मुंबईकर आलेले असतात, सगळ्यांची कामं त्यालाच.”

रामाने मान डोलावली आणि कटरची दोरी ओढली. पहिल्या झटक्याला कटर नुसता खोकला.

काकूंनी फोन वर धरून झाडाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. ‘कटर सुरू होतोय. वनखात्याला फोन करा कुणीतरी.’ लगेच एक लाल बदाम आला. मग मनस्विनी. ‘किती सुंदर झाड! पण पक्षी दिसत नाहीये, काकू.’

फोन दगडी गडग्यावर आपटावा असं त्यांना वाटलं. त्यांनी तो तिथे नुसता ठेवला.

लग्न होऊन त्या इथे आल्या, त्याच वर्षी सासूबाईंनी त्यांना या झाडाखाली आणलं होतं आणि वर बोट दाखवून कानात सांगितलं होतं (धनेशाला त्या ककणेर म्हणायच्या), ककणेर आहे, आत बाळंतीण आहे, मोठ्याने बोलू नकोस.

काकू बेहड्याच्या बुंध्याशी गेल्या. गुडघ्यांवर हात देत, मुळांच्या बेचक्यात त्या राखेत बसल्या आणि पाठ खोडाला टेकवली.

“ओ काकू, हे काय! लुगडं खराब होईल.”

“आत बाळंतीण आहे,” काकू म्हणाल्या. “मोठ्याने बोलू नकोस.”

रामाने दोरी सोडली. त्याने श्रीपतीकडे पाहिलं, श्रीपतीने डोक्याला हात लावला. दूर कुणाच्या तरी परसात नारळ पडल्याचा आवाज झाला.

तेवढ्यात वरून काहीतरी आलं आणि पचकन काकूंच्या खांद्यावर पडलं. पांढरी, पातळ शीट. तिच्यात उंबराच्या बिया.

श्रीपतीने वर पाहिलं. या वेळी डोळ्यांवर हात न धरता, बराच वेळ. मग रामानेही पाहिलं. पाहता पाहता त्याने कटर खाली ठेवला आणि खिशातून बिडी काढली.

गडग्यावर फोन थरथरला. जवळ श्रीपतीच होता. त्याने तो उचलून वाचला.

“तुमची माणसं विचारतायत,” तो हळू आवाजात म्हणाला, “रविवारी घावणे तुम्ही आणाल काय.”

काकूंनी खांदा पुसला नव्हता.

“सांग त्यांना,” त्या म्हणाल्या, “मे सरल्याशिवाय मला इथून उठता यायचं नाही.”