‘पाषाणबोली’चा शेवट

“सर, हा शेवट तुम्ही लिहिलेलाच नाही,” आभा म्हणाली.

वाचनालयाच्या हॉलमध्ये कुजबुज झाली. रविवारची सकाळ होती. नाशिक रोडचे तीस-चाळीस वाचक ‘पाषाणबोली’वर बोलायला जमले होते. यादवकाळातल्या एका पाथरवटाच्या मुलीची, रेवाची, ती कादंबरी. रेवाला दगडांचं बोलणं ऐकू येतं. कोणता बुरूज ढासळणार, कोणत्या भिंतीत माणूस चिणलाय, ते दगडच तिला सांगतात. चारशे पानं ती राजालाही घाबरत नाही. शेवटच्या प्रकरणात मात्र ती सेनापतीच्या पाया पडते, आपली विद्या देवीला परत करते आणि त्याची बायको होऊन सुखानं नांदते.

“त्यात वाईट काय?” नवनाथ म्हणाले. ते अंबडच्या कारखान्यात फिटर होते. “सारा जन्म वणवण केली तिनं. शेवटी घर तरी भेटलं.”

“घर नाही भेटलं, काका. तोंड बंद झालं तिचं. भाषासुद्धा वेगळी आहे. हे प्रकरण दुसऱ्याच कुणीतरी घुसडलंय.”

लेखक उपेंद्र गायधनी समोरच्या खुर्चीत मंद हसत होते. साठीत पहिली कादंबरी, आणि तिला राज्यभरातून पत्रं येत होती.

“अक्षर न् अक्षर माझं आहे,” ते म्हणाले.

“मग एवढं सांगा. रेवाला नदीतल्या गोट्यांचं बोलणं का ऐकू येत नाही?”

उपेंद्रांनी पाण्याचा ग्लास उचलला. “काही गोष्टी वाचकानं शोधायच्या असतात.”

पहिल्या रांगेत त्यांची बायको कुसुम बसली होती. तिचे ओठ हलले आणि मिटले. मनोगतात तिचेही आभार मानलेले होते, हस्तलिखित टाइप करून दिल्याबद्दल आणि वेळच्या वेळी चहा दिल्याबद्दल.

आभा काही खाली बसेना. शेवटी उपेंद्रांनीच माइक पुढे केला. “आमच्या सौभाग्यवतींना विचारा. मी ते प्रकरण लिहिलं तेव्हा त्या शेजारीच होत्या. कुसुम, सांग गं यांना, शेवट कुणी लिहिला ते.”

बत्तीस वर्षं कुसुम अशा वेळी हसून मान डोलवत आली होती. आज ती उठली. माइक घेऊन आधी आभाकडे वळली.

“नदीतले गोटे एकमेकांवर घासून घासून गुळगुळीत झालेले असतात,” ती म्हणाली. “ते बोलायचं विसरलेले असतात. म्हणून.”

उपेंद्रांनी ग्लास खाली ठेवला. “बस आता,” ते हळूच म्हणाले.

कुसुमनं त्यांच्याकडे पाहिलं.

“हो, शेवट यांनीच लिहिलाय. फक्त शेवट.”