लिंबूटिंबूची यादी

“काका, लिंबूटिंबू तुम्हीच ना?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून भिंगरीने विचारून टाकलं. त्या दोघी मागे एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने ओठांत धरलेला स्क्रू काढला.

“कोण टिंबू?”

“गेममधला माझा जोडीदार. चेहरा नाही, आवाज नाही, नुसतं टाइप करतो. मोबाईलवरून खेळतो, पण नेम चुकत नाही. मधेच ‘गिऱ्हाईक आलं’ म्हणतो आणि गायब!”

“गिऱ्हाईक म्हणजे दुकानदारच,” एक मैत्रीण म्हणाली.

“आणि कॉम्प्युटरचे सगळे भाग त्यानेच निवडून दिलेत,” दुसरी म्हणाली.

दुकानदार गालातल्या गालात हसला. “मी असतो, तर सगळ्यात महागाचेच निवडून दिले असते की!”

“हसले! हेच आहेत!” मैत्रिणी कुजबुजल्या. भिंगरीलाही आता नव्वद टक्के खात्री वाटायला लागली.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बाबा खोकत बसले होते. शर्टाच्या खिशात पाकीट, पाकिटात मोजून चाळीस हजार. अट त्यांचीच होती. एवढ्यात सगळं बसलं आणि पहिल्या झटक्यात सुरू झालं, तर कॉम्प्युटर भिंगरीचा, तिच्याच खोलीत, दार लावून खेळायची मुभा. एक जरी वस्तू चुकली, तरी वर एक पैसा मिळणार नाही आणि गेमचं नाव दहावी होईपर्यंत काढायचं नाही. आईने तर सकाळीच हात वर केले होते. “मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही दोघं बघा काय ते.”

भिंगरीने यादी काढली. लिंबूटिंबूलाही आधी काही येत नव्हतं, हे त्याने पहिल्याच दिवशी कबूल केलं होतं. ‘वाचून सांगतो,’ म्हणाला होता. काहीही विचारलं की तो एक दिवस मागून घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी असं उत्तर द्यायचा की बस्स!

“हे कॅबिनेट बघ,” दुकानदार म्हणाला. बटण दाबताच पेटीत सात रंगांचे दिवे नाचायला लागले. मैत्रिणींनी आ वासला.

भिंगरीचाही जीव त्यात अडकला. पण यादीत लिहिलं होतं, ‘दिव्यांनी गेम पळत नाही. ते पैसे ग्राफिक्स कार्डात घाल.’

“साधं द्या. काळं.”

“बरं. प्रोसेसर?”

“मागच्या पिढीतला. त्याचा मदरबोर्ड स्वस्त पडतो, रॅमही जुनीच चालते. डीडीआर फोर.”

“पॉवर सप्लाय?”

“तो मात्र चांगल्यातला. बाकी सगळं त्याच्या जिवावर आहे.”

बाबांचा खोकला मिनिटभर थांबला. “हे सगळं तुला कधीपासून कळायला लागलं गं?”

“बाबा, तुम्ही फक्त बघत राहा!”

काउंटरवर डबे जमायला लागले. दुकानदारामागच्या भिंतीवर पाटी होती, ‘फोडलेला माल परत घेतला जाणार नाही.’ आणि यादीच्या तळाशी लिंबूटिंबूचा नियम होता. डबा उचलताना लेबल वाचायचं. हातात धरून परत वाचायचं. उघडायच्या आधी तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा मोठ्याने.

भिंगरी प्रत्येक डब्याचं लेबल वाचायला लागली.

“मंत्र म्हणतेय!” मैत्रिणी खिदळल्या. “आता कॉम्प्युटरला अंगारा लाव!”

“हसा, हसा!”

रॅमचा डबा तिने दोनदा वाचून खाली ठेवला. तेवढ्यात दुकानदाराने जागा करायला डबे इकडचे तिकडे सरकवले, आणि एक डबा उचलून सीलला नख लावलं.

“थांबा! तिसऱ्यांदा राहिलंय.” तिने डबा त्याच्या हातातून जवळजवळ ओढलाच. “आठ जीबी, डीडीआर... फाइव्ह?”

दुकानदाराने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “अरेच्चा! हा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा. दिसायला सारखेच आहेत. आपल्या मदरबोर्डात बसलाच नसता हा.” तो ओशाळून हसला. “तीनदा वाचायचं कुणी शिकवलं तुला? आम्ही तर एकदाही धड वाचत नाही.”

मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं. म्हणजे हे नव्हेत. पैज बुडाली. भिंगरीला मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. अर्ध्या नखावरून वाचला होता तिचा कॉम्प्युटर!

तासाभराने सगळं जोडून झालं. भिंगरीने डोळे मिटून बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला. पाकिटात दोनशे उरले.

“जिंकलीस,” बाबा म्हणाले.

घरी त्यांनी पेटी बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर टेकवली आणि पुन्हा खोकायला लागले. आई नुकतीच कामावरून आली होती. तिने पर्स उघडून बाटली काढली.

“आणलंय तुमचं औषध. बसा.”

भिंगरी खोक्यातून वायर सोडवत होती. आईने बाटली उचलताना लेबल मोठ्याने वाचलं. हातात धरून परत वाचलं. झाकणाला हात घातला, थांबली, आणि तिसऱ्यांदा वाचलं.

“अगं, तूच आणलंयस ना?” बाबा म्हणाले.

“औषधाच्या दुकानात सोळा वर्षं काढलीत. सवय ती सवय.” आईने चमचा भरला. “काय गं, चालू झालं का तुझं ते यंत्र?”

भिंगरीच्या हातातली वायर तशीच राहिली.

“चला,” औषध गिळून बाबा उठले. “उचलतो. तुझ्या खोलीतच ना? दार लावून?”

“नाही. मी ठरवलंय,” भिंगरी म्हणाली. “कॉम्प्युटर इथेच, बाहेरच्या खोलीत राहील. आणि रोज संध्याकाळी एक तास आईचा. काउंटरच्या आड मोबाईलवर किती दिवस लिंबूटिंबू राहणार ती?”