माऊला दाखव

काकू घरीच लोकांचे कपडे शिवायच्या. मांजरीसाठी विकतची खेळणी परवडणारी नव्हती, म्हणून संपलेलं रीळ नाहीतर चिंध्यांचा चेंडू फरशीवर सोडायच्या आणि तेवढ्यावर तिला दिवसभर नाचवायच्या.

दूर राहणारा मुलगा दर रविवारी फोन करायचा. पूर्वी "जेवलीस ना? औषध घेतेस ना?" एवढं विचारून लगेच ठेवून द्यायचा. मांजर आल्यापासून मात्र तो व्हिडिओ कॉल लावायला लागला. पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आई, माऊला दाखव." रिळामागे तिची उडालेली तारांबळ बघून मायलेक पोट धरून हसायचे. हसता हसता तो ऑफिसातलं काहीबाही सांगायचा, बायकोशी झालेली कुरबुरही सांगून टाकायचा. एकदा तर म्हणाला, "तुझ्याशी बोललं की बरं वाटतं गं."

गेल्या आठवड्यात मांजर आजारी पडली आणि दोन दिवसांत गेली. काकूंनी तिला इमारतीमागच्या झाडाखाली पुरलं. मुलाला काही कळवलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरचं दार वाजवलं. जिन्यात भेटला तरी त्या त्याच्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

"काय झालं काकू? बरं नाही का?" त्याने विचारलं.





"तुमची मांजर तासभर देता का? तीपण करडीच आहे ना... आज लेकाचा फोन यायचाय."