आ करा, बाबा

"आ करा, बाबा."

बाबांनी आ केला, पण तोंडाचा पट्टा काही थांबेना. लेकीच्या दवाखान्यातल्या त्या खुर्चीत भलेभले गप्प होत. बाबांचं मात्र पाठ टेकल्यापासून भाजीच्या भावापासून शेजारच्या मांजरापर्यंत सगळं बोलून झालं होतं. समोरचा दात तुटून दोन वर्षं झाली. ती मागे लागली की म्हणायचे, "आता मला कोण बघायला येणार आहे?" आणि आज गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी आपण होऊन हजर.

तिने तुटक्या जागी पांढरा मऊ मसाला बसवला, हलक्या हाताने आकार दिला.

"वाळायला किती वेळ गं?"

"वाळत नाही ते. नुसतं ठेवलं तर मऊच राहील. लागतं ते सगळं आत असतं, पण सुरुवातच होत नाही. हा निळा उजेड पाडला की तेवढा धक्का पुरतो. पुढचं मग त्याचं ते बघतं."

"नुसत्या उजेडाने? अगं, मग आपण उन्हात—"

"आ!"

तिने ओठांखाली कापूस सारला, दिवा लावला. आता बाबांना बोलता येणार नव्हतं. बोलायचं तर आत्ताच.

"वाचनालयातल्या त्या बाई," दातावरची नजर न काढता ती म्हणाली, "रोज संध्याकाळी तुमच्यासोबत फिरायला असतात त्या. मला माहितीये, बाबा. आई जाऊनही आता किती वर्षं झाली. मला आवडेल. अगदी मनापासून."

बाबांची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. आपण भलतंच बोलून बसलो की काय, असं तिला वाटून गेलं.

दिवा विझला. तिने कापूस काढला, दात हळूच ठोकून पाहिला. पक्का बसला होता. पण बाबा नुसतीच जीभ दातावरून फिरवत राहिले.

"काहीतरी बोला ना!"

बाबांनी घसा खाकरला, नुसतीच मान दाराकडे वळवली.

"बाहेर बसल्या आहेत."

तिने दार उघडलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक बाई बाबांचा चष्मा रुमालाने पुसत बसल्या होत्या. तिला पाहताच गडबडीने उठल्या.

"फार दुखलं नाही ना हो त्यांना?"