घरातला बूट

मुलांनो, कल्पना करा: काचेच्या लांबट पेटीत तुम्ही एकटेच पडून आहात, आत दाबाने ऑक्सिजन सोडलाय आणि कानांत दडे बसलेत. तळपायाची जुनी जखम भरावी म्हणून कुमुदआत्या महिनाभर दवाखान्यात हेच सोसत होती. आज पट्टी सोडताच नर्स वैतागलीच.

"पुन्हा चिघळली! पायावर भार पडू नये म्हणून दिलेला बूट घालता ना?"

"घालते की. घरात शिरताना तेवढा काढते."

"अहो, दिवसभर तुम्ही घरातच असता!"

"मग काय देवासमोर बूट घालून मिरवू?"

"पाय कापायची वेळ येईल, काकू!"

रिक्षात आत्या धुसफुसत होती. एवढे हाल पाण्यात गेले, आणि वर बोलणी खाल्ली! तरीही घरी पोचताच पायरीवर बसून तिने सवयीने बूट काढलाच.

सोबत आलेली भावाची नात ओवी म्हणाली, "बाहेरून आल्यावर आपण पाय धुतो ना, आत्याआजी?"

"धुतोच की."

ओवीने बूट उचलला, अंगणातल्या नळाखाली त्याचा तळ घासून फ्रॉकला पुसला आणि आत्याच्या पायात परत चढवला. मग हाताला धरून ती तिला थेट देवघरात घेऊन गेली.