बुरशी लागलेली लेन्स

कडेवरच्या मिहूला सावरत संजनाने मिररलेस कॅमेरा दुकानाच्या काउंटरवर ठेवला.

"दादा, बाळाच्या बॅगेत मावते म्हणून ही जुनी लेन्स तुमच्याकडून नेली. पण फ्लॅश मारला की फोटोत मिहूच्या डाव्या डोळ्यात पांढरा डाग येतो."

"द्राक्षाला भुरी पडते ना, तशी जुन्या काचेला बुरशी धरते, ताई. बदलून देतो की!"

संजनाचा जीव भांड्यात पडला.

दुकानदाराने तेवढीच छोटी दुसरी लेन्स चढवली आणि हाताने फोकसची रिंग फिरवत, फ्लॅश मारून मिहूचा फोटो काढला. डाग होताच. तिसरी लावली. डाग तिथेच, त्याच डोळ्यात.

"आता ही तर टॉर्च मारून बघा. काच कशी लख्ख आहे!" तो जरा वैतागूनच म्हणाला.

मिहू खिदळत लेन्सचं झाकण पकडू पाहत होती. संजनाने हळूच तिचा उजवा डोळा तळहाताने झाकला. मिहूचं हसू थांबलं. झाकण समोरच होतं आणि तिचा इवलासा हात हवेत चाचपडत राहिला.

"दादा," संजना कसंबसं म्हणाली, "बुरशी लागलेली एखादी लेन्स असेल तर बघा ना हो."